चंद्रा दुर्बिणीचा डेटा हाती येईपर्यंत: टप्प्यांचा क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

चंद्रा या नासाच्या अंतराळातल्या क्ष-किरण दुर्बिणीचा एखादा निरीक्षण क्रमांक टाकला, पॅकेज उतरवलं, 'प्रायमरी' फोल्डरमधली इव्हेंट फाइल (फोटॉनांच्या नोंदींची फाइल) डीएस-नाइन या चित्रं पाहायच्या साधनात उघडली, ठळक ठिपक्याभोवती गोल काढला, आतले फोटॉन मोजले आणि निरीक्षणाच्या एकूण वेळेनं भागले. स्रोत किती ठळक याचं उत्तर येतं, दिसायलाही ठीक दिसतं. पण त्यात बहुधा तीन-चार चुका दडलेल्या असतात आणि त्यातली एकही स्क्रीनवर लाल अक्षरांत दिसत नाही. मला येणाऱ्या शंकांपैकी निम्म्याहून जास्त इथेच अडकलेल्या असतात, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट पक्की करू. चंद्राकडून येते ती फोटॉनांची नोंदवही: कुठे पडला, केव्हा पडला, साधारण किती ऊर्जेचा. तुमच्यापर्यंत येईतो ही वही यानावरचं इलेक्ट्रॉनिक्स, रेकॉर्डर, जमिनीवरचे अँटेना आणि पाइपलाइन (डेटावर आपोआप प्रक्रिया करणारी साखळी) अशा चार हातांतून जाते. प्रत्येक हात तिच्यातून काही गाळतो किंवा तिच्यात काही लिहितो. कोणी काय गाळलं हे माहीत असलं की पुढचे टप्पे आपोआप उमजतात.

लेखातल्या आज्ञा आणि फाइलींची नावं देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लहान अक्षरांत टंकायची. मुख्य उदाहरण एसिस या सीसीडी कॅमेऱ्याचं आहे. एचआरसी या दुसऱ्या कॅमेऱ्याचा उल्लेख गरजेपुरताच येईल.

## टप्पा १: निरीक्षण मागतानाच टेलिमेट्रीचा हिशोब मांडा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो आणि नंतर दुरुस्त करता येत नाही, म्हणून यावर थोडं थांबू.

एसिसची एक चिप १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलची. प्रत्येक पिक्सेलचं मूल्य १२ बिटांत मोजलं जातं. म्हणजे एका चिपची एक फ्रेम सव्वा कोटी बिटांहून थोडी जास्त, आणि सहा चिप्स चालू असतील तर साडेसात कोटी. हे दर ३.२ सेकंदांनी. सगळं जसंच्या तसं पाठवायचं म्हटलं तर सेकंदाला सुमारे २३ मेगाबिट लागतील. आता यानाकडे काय आहे ते पाहा: टेलिमेट्रीचा, म्हणजे यानावरून पाठवायच्या डेटाच्या प्रवाहाचा, एकूण वेग सेकंदाला ३२ किलोबिट, त्यातले २४ विज्ञान-उपकरणासाठी. मागणी पुरवठ्याच्या जवळजवळ हजारपट.

म्हणून पूर्ण चित्र कधीच खाली येत नाही. यानावरचा संगणक प्रत्येक फ्रेममध्ये उंचवटे शोधतो आणि प्रत्येक उंचवट्याभोवतीचा छोटा चौकोन पाठवतो. 'फेंट' पद्धतीत हा चौकोन ३ गुणिले ३ पिक्सेलचा, 'व्हेरी फेंट'मध्ये ५ गुणिले ५ चा. आकारावरून ज्या नोंदी उघडच वैश्विक किरणांच्या वाटतात, त्या तिथल्या तिथे टाकून दिल्या जातात. त्या नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरनं परत मिळत नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

चौकोन मोठा असला की माहिती जास्त मिळते, पण नोंदी कमी बसतात. मर्यादा साधारण अशा:

- व्हेरी फेंट: सेकंदाला ६८.८ नोंदी
- फेंट: सेकंदाला १७०.२ नोंदी
- एचआरसी: सेकंदाला १८४ नोंदी

सावध: ही मर्यादा चालू असलेल्या सगळ्या चिप्स मिळून आहे आणि तिच्यात पार्श्वभूमीच्या नोंदीही धरल्या जातात. तुमचा स्रोत सेकंदाला ५० नोंदी देतो, म्हणून ६८.८ मध्ये आरामात बसेल, हा हिशोब चुकीचा. पार्श्वभूमी उसळली की उरलेली जागा तीच खाऊन टाकते. उपाय साधे आहेत: नको असलेल्या चिप्स बंद ठेवा, चिपचा थोडाच भाग वाचायला सांगा, किंवा 'फेंट' निवडा.

मर्यादा ओलांडली की एसिसमधून संपूर्ण फ्रेम गळतात. हे त्यातल्या त्यात बरं, कारण गळालेल्या फ्रेमचा वेळ हिशोबातून वजा करता येतो. एचआरसीचं प्रकरण नाजूक आहे. त्या उपकरणात वायरिंगची एक चूक राहून गेली आहे, त्यामुळे प्रत्येक नोंदीची वेळ तिच्या पुढच्या नोंदीला चिकटते. सगळ्या नोंदी खाली आल्या तर वेळा एकेक घर मागे सरकवून जमिनीवर दुरुस्ती करता येते. मधली एखादी जरी गळाली, तरी कोणाची वेळ कोणाची ते कळायला मार्ग नाही. पल्सारसारख्या वेगानं लुकलुकणाऱ्या ताऱ्यांच्या कामासाठी एचआरसी-एसची 'टायमिंग' पद्धत मुद्दाम ठेवली आहे ती याचसाठी. तिच्यात फक्त मधला तुकडा वापरला जातो आणि दर मर्यादेखाली राहतो.

आणखी एक गोंधळ: 'पाइलअप' आणि टेलिमेट्री भरून जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच फ्रेममध्ये एकाच जागी दोन फोटॉन पडले की ते एक जास्त ऊर्जेचा फोटॉन म्हणून नोंदले जातात, तो पाइलअप. टेलिमेट्रीत भरपूर जागा असतानाही तो होतो. चिप्स बंद करून पाइलअप कमी होत नाही. फ्रेमचा वेळ कमी केला तर कमी होतो.

## टप्पा २: डेटा जमिनीवर कसा उतरतो ते समजून घ्या

इथे तुमच्या हातात करण्यासारखं काही नाही, पण डेटातली भोकं कुठून येतात ते इथे कळतं.

चंद्राची कक्षा लांबट आहे. एका फेरीला सुमारे ६४ तास लागतात, आणि सुरुवातीच्या कक्षेत सर्वात दूरचं टोक पृथ्वीपासून सुमारे १ लाख ३९ हजार किलोमीटरवर होतं. पृथ्वीजवळून जाताना यान प्रारण-पट्ट्यांतून जातं. त्या वेळी निरीक्षण थांबतं आणि एसिस आरशांच्या केंद्रातून बाजूला सरकवला जातो. एकच लांब निरीक्षण दोन-तीन क्रमांकांत तुटलेलं दिसण्याचं हे एक मोठं कारण.

निरीक्षण चालू असताना डेटा यानावरच्या रेकॉर्डरवर साठतो. असे दोन रेकॉर्डर आहेत, प्रत्येकी १.८ गिगाबिटचे. एक भरायला साधारण १६.८ तास लागतात. नासाच्या डीप स्पेस नेटवर्कच्या अँटेनांशी, म्हणजे गोल्डस्टोन, माद्रिद किंवा कॅनबेराशी, साधारण दर आठ तासांनी पाऊण ते सव्वा तास संपर्क होतो आणि त्यात साठलेलं सगळं खाली सोडलं जातं. खाली सोडण्याचा कमाल वेग सेकंदाला १०२४ किलोबिट आहे. म्हणजे आठ तासांची साठवण त्या वेगानं पाव तासात रिकामी होते, निम्म्या वेगानं अर्ध्या तासात. तिथून डेटा जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीमार्गे मॅसॅच्युसेट्समधल्या नियंत्रण केंद्रात आणि पुढे चंद्रा एक्स-रे सेंटरमध्ये जातो.

दुसऱ्या दुर्बिणीचा अनुभव इथे जसाच्या तसा लावू नका. युरोपच्या एक्सएमएम-न्यूटनवर रेकॉर्डरच नाही. तिचा डेटा जागच्या जागी खाली येतो, म्हणून संपर्क तुटला की तेवढा डेटा गेला. भारताच्या ॲस्ट्रोसॅट यानावरच्या एसएक्सटी या क्ष-किरण दुर्बिणीच्या फाइली कक्षेनुसार येतात आणि लागोपाठच्या फाइलींमध्ये तोच डेटा पुन्हा आलेला असतो. त्या ठरावीक साधनानं विलीन न करता नुसत्या जोडल्या तर तेच फोटॉन दोनदा मोजले जातात. चंद्राच्या सवयीनं एसएक्सटीचा डेटा हाताळणारे इथे हमखास आपटतात.

## टप्पा ३: पाइपलाइन काय करून देते आणि काय देत नाही

खाली आलेला टेलिमेट्रीचा प्रवाह पाइपलाइनमध्ये पायरीपायरीनं सोडवला जातो.

- लेव्हल शून्य: प्रवाह सुटा करून उपकरणनिहाय फिट्स (खगोलशास्त्रातला नेहमीचा प्रकार) फाइलींमध्ये मांडलेला.
- लेव्हल एक: प्रत्येक नोंदीला आकाशातली जागा, ऊर्जा आणि दर्जा (नोंदीच्या आकारावरून दिलेला क्रमांक) चिकटवलेला. गाळणी अजून लावलेली नाही.
- लेव्हल दोन: चांगल्या वेळेतल्या, चांगल्या दर्जाच्या (०, २, ३, ४ आणि ६) आणि निर्दोष ठरलेल्या नोंदीच ठेवलेल्या.

आकाशातली जागा ठरवणं दिसतं तितकं सोपं नाही. दुर्बीण निरीक्षणभर मुद्दाम हलकीशी झुलत असते, म्हणजे चिपवर एकच तारा पिक्सेल बदलत फिरतो. यानावरचा वेगळा कॅमेरा मार्गदर्शक तारे पाहत असतो. त्याच्या नोंदींवरून कोणत्या क्षणी दुर्बीण नेमकी कुठे पाहत होती ते जमिनीवर काढलं जातं. त्या फाइलीचं नाव 'एसोल'. पुढे हे नाव सारखं येणार आहे, लक्षात ठेवा.

पाइपलाइननंतर माणसं डेटा तपासतात आणि छोटा अहवाल पॅकेजमध्ये ठेवतात. तो आधी वाचा. 'निरीक्षण अपुरं राहिलं', 'पार्श्वभूमी जास्त होती' अशा गोष्टी त्यात दोन ओळींत लिहिलेल्या असतात. कोणी वाचत नाही, आणि आठवडाभर डोकं खाजवल्यावर तीच गोष्ट स्वतः शोधून काढतात.

सावध: लेव्हल दोनची फाइल ऊर्जेनुसार गाळलेली नसते आणि पार्श्वभूमीच्या उसळ्याही तिच्यातून काढलेल्या नसतात. 'दोन म्हणजे तयार' असं समजू नका.

## टप्पा ४: संगणक तयार ठेवा

डेटा उतरवण्याआधी सीआयएओ हे सॉफ्टवेअर बसवा. बोलताना त्याला 'चाओ' म्हणतात. कोंडा या पॅकेज-व्यवस्थापकामार्फत बसवणं सगळ्यात सरळ. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये, बसवा. सोबत कॅलडीबी, म्हणजे कॅलिब्रेशनच्या फाइलींचा संच, लागतोच.

कॅलडीबी नवी असणं हा नुसता नीटनेटकेपणाचा मुद्दा नाही. एसिसच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं एक थर साचत आला आहे. तो कमी ऊर्जेचे क्ष-किरण अडवतो आणि त्याची जाडी काळानुसार बदलते. जुन्या कॅलडीबीनं अलीकडचं निरीक्षण हाताळलंत तर एक किलोइलेक्ट्रॉनव्होल्टखालचं सगळं चुकेल, आणि ती चूक स्रोताभोवतीच्या वायूच्या माथी मारली जाईल.

तपासा: 'सीआयएओव्हर' ही आज्ञा चालवून दोन्हींच्या आवृत्त्या पाहा आणि कामाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. शोधनिबंध पाठवल्यावर समीक्षक हेच पहिल्यांदा विचारतात.

## टप्पा ५: पॅकेज पूर्ण उतरवा

सरावासाठी निरीक्षण क्रमांक १८३८ घ्या. जी२१.५-०.९ या सुपरनोव्हा-अवशेषाचं हे निरीक्षण २००० सालातलं आणि जेमतेम ७,८५० सेकंदांचं आहे, त्यामुळे लवकर उतरतं. 'डाउनलोड_चंद्रा_ऑब्सआयडी' या आज्ञेपुढे क्रमांक दिला की त्या नावाचा फोल्डर तयार होतो. त्यात 'प्रायमरी' आणि 'सेकंडरी' असे दोन उपफोल्डर असतात.

वेळ वाचवायला फक्त 'प्रायमरी' उतरवणं ही चूक फार सर्रास होते. लेव्हल एकची इव्हेंट फाइल, चांगल्या वेळांची यादी, मास्क (चिपचा कोणता भाग वाचला ते सांगणारी फाइल) आणि फ्रेमनिहाय आकडेवारी हे सगळं 'सेकंडरी'त असतं. ते नसेल तर टप्पा ७ अडतो.

फाइलींची नावं बदलू नका आणि फोल्डरांची रचना मोडू नका. पुढची साधनं नावांच्या शेवटावरून फाइली शोधतात. 'इव्हेंट_फायनल_नवीन' असं नाव तुम्हाला कळतं, साधनाला नाही. जीझिप केलेल्या फाइली उघडायचीही गरज नाही, सीआयएओ त्या तशाच वाचतं.

एसोल फाइल एकाच निरीक्षणाच्या एकापेक्षा जास्त असू शकतात. त्यातली पहिलीच उचलून पुढे गेलात तर उरलेल्या वेळेपुरतं दुर्बीण कुठे पाहत होती हे साधनाला कळणार नाही.

तपासा: क्रमांक मिळतो पण डेटा उतरत नाही? ज्यांनी निरीक्षण मागितलं त्यांच्या हक्काची मुदत अजून संपलेली नसावी. शोधपानावर सार्वजनिक होण्याची तारीख दिलेली असते.

## टप्पा ६: काहीही करण्याआधी हेडर वाचा

'डीएमलिस्ट'नं इव्हेंट फाइलीचं हेडर, म्हणजे सुरुवातीला लिहिलेली माहिती, काढा आणि एवढ्या गोष्टी कागदावर लिहा: कोणतं उपकरण आणि कोणत्या चिप्स, ग्रेटिंग (किरण ऊर्जेनुसार पसरवणारी जाळी) आत होतं का, पद्धत फेंट की व्हेरी फेंट, लक्ष्य कुठे आणि दुर्बीण कुठे पाहत होती, आणि वेळेचे तिन्ही आकडे.

हे तीन आकडे नीट समजून घ्या, कारण सर्वाधिक चुका इथे होतात. 'टीस्टॉप' वजा 'टीस्टार्ट' म्हणजे निरीक्षण सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा काळ. 'ऑनटाइम' म्हणजे त्यातल्या चांगल्या तुकड्यांची बेरीज. 'लाइव्हटाइम' त्याहून थोडा कमी: एसिसच्या ३.२४१०४ सेकंदांच्या प्रत्येक फेरीत ०.०४१०४ सेकंद फ्रेम सरकवण्यात जातात, म्हणून ऑनटाइमला ०.९८७३४ नं गुणायचं. ऑनटाइम ५०,००० सेकंद असेल तर लाइव्हटाइम सुमारे ४९,३६७. दर काढताना भागायचं ते 'एक्स्पोजर'नं, जो या शेवटच्या आकड्याशी जुळतो.

सावध: प्रत्येक चिपच्या चांगल्या वेळांची यादी वेगळी असते आणि मुख्य हेडरमधला आकडा एका चिपचा असतो. तुमचा स्रोत दुसऱ्या चिपवर असेल तर त्या चिपचा आकडा शोधा.

लक्ष्य आणि दुर्बिणीची दिशा यांत चार-पाच आर्कमिनिटांचं अंतर दिसलं तर तीही खूणगाठ बांधा. मध्यभागी चंद्राची प्रतिमा अर्ध्या आर्कसेकंदाइतकी धारदार असते, कडेला ती पसरत जाते. मध्यावरच्या स्रोतासाठी काढलेला दोन आर्कसेकंदांचा गोल कडेच्या स्रोताला लावला तर अर्धे फोटॉन बाहेरच राहतील.

## टप्पा ७: पुनर्प्रक्रिया करा, दर वेळी

'चंद्रा_रीप्रो' चालवा. उतरवलेलं पॅकेज ज्या दिवशी तयार झालं त्या दिवसाच्या कॅलिब्रेशनवर बेतलेलं असतं. ही आज्ञा लेव्हल एकपासून पुन्हा सुरुवात करते, तुमच्या कॅलडीबीप्रमाणे ऊर्जा लावते, खराब पिक्सेलांची यादी नव्यानं करते आणि 'रीप्रो' फोल्डरमध्ये नवी लेव्हल दोनची फाइल ठेवते. यापुढे काम फक्त याच फोल्डरमधून. अर्धं काम 'प्रायमरी'तून आणि अर्धं 'रीप्रो'तून, अशी सरमिसळ मी इतक्यांदा पाहिली आहे की आता शंका विचारणाऱ्याला आधी फाइलीचा पूर्ण पत्ताच मागतो.

व्हेरी फेंट पद्धतीच्या डेटासाठी एक जास्तीचा पर्याय आहे: ५ गुणिले ५ चौकोनाच्या कडेचे पिक्सेल पाहून पार्श्वभूमी आणखी गाळता येते. आपोआप तो चालू होत नाही. पसरट आणि अंधूक स्रोतासाठी चालू करा. ठळक बिंदूस्रोतासाठी नको, तिथे खरे फोटॉनही पार्श्वभूमी समजून कापले जातात.

इथेच एक छुपा खड्डा आहे. खराब पिक्सेलांच्या यादीचा पत्ता 'आर्डलिब' नावाच्या पॅरामीटर फाइलीत लिहून ठेवला जातो आणि ती तुमच्या होम फोल्डरमध्ये राहते. तुम्ही पहिल्या निरीक्षणाची पुनर्प्रक्रिया केली, मग दुसऱ्याची केली, आणि मग पहिल्याचं काम हाती घेतलं. आर्डलिब अजून दुसऱ्याकडेच बोट दाखवत असतो. काही साधनं स्वतःच हे सांभाळतात, काही नाही. निरीक्षण बदलताना 'पनलर्न आर्डलिब' करून त्या निरीक्षणाची यादी पुन्हा लावायची सवय ठेवा. दोन टर्मिनलांवर एकाच वेळी दोन निरीक्षणं चालवत असाल तर प्रत्येकासाठी पॅरामीटरांचा वेगळा फोल्डर ठरवा, नाहीतर दोघं एकमेकांच्या वहीत लिहीत बसतात.

तपासा: नव्या फाइलीचं हेडर पुन्हा काढा. कॅलडीबीची आवृत्ती बदललेली दिसली पाहिजे. दिसत नसेल तर तुम्ही जुनीच फाइल उघडली आहे.

## टप्पा ८: ऊर्जा आणि उसळ्या गाळा

आधी ऊर्जा. एसिससाठी ०.५ ते ७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट हा चांगला पट्टा. पण फाइलीतल्या ऊर्जेच्या स्तंभात इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात, म्हणून गाळणीत ५०० ते ७००० लिहायचं. ०.५ ते ७ लिहिलंत तर फाइल विनातक्रार तयार होते आणि रिकामी असते. 'माझा स्रोत नाहीसा झाला' असं कळवणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच विचारतो.

मग उसळ्या. कमी ऊर्जेचे प्रोटॉन अधूनमधून पार्श्वभूमी कितीतरी पट वाढवतात. इथे क्रम चुकवू नका:

१. ठळक स्रोत शोधा आणि वगळा.
२. उरलेल्या भागाचा, त्याच चिपवरचा, काळानुसार दर काढा.
३. 'डिफ्लेअर'नं उसळलेले तुकडे ओळखून चांगल्या वेळांची नवी यादी करा.
४. ती यादी मूळ फाइलीला लावा, स्रोतासकट.

पहिली पायरी गाळली तर तुमच्या ताऱ्याचाच खरा स्फोट पार्श्वभूमीची उसळी समजून कापला जाईल. गंमत म्हणजे निबंधाचा विषय बहुधा तोच स्फोट असतो.

## टप्पा ९: वर्णपट काढा, पण निरीक्षणं मिसळू नका

एका स्रोताची पाच निरीक्षणं असतील तर 'मर्ज_ऑब्स'नं ती जोडून एक इव्हेंट फाइल करण्याचा मोह होतो. चित्रासाठी खुशाल करा. त्या जोडलेल्या फाइलीतून वर्णपट मात्र काढू नका. प्रत्येक निरीक्षणात स्रोत चिपच्या वेगळ्या जागी, वेगळ्या वर्षी, वेगळ्या थराखाली होता आणि प्रत्येकात उपकरणाचा प्रतिसाद, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन कसे नोंदले जातात ते, वेगळा. 'स्पेकएक्स्ट्रॅक्ट' प्रत्येक निरीक्षणावर स्वतंत्र चालवा. मग पाचही वर्णपट एकत्र बसवा किंवा 'कंबाइन_स्पेक्ट्रा'नं बेरीज करा.

गोलाची रीजन फाइल आकाशाच्या अंशांत जतन करा. पिक्सेलांत जतन केलीत तर पुढच्या निरीक्षणात तोच आकडा आकाशातल्या वेगळ्याच जागेवर बोट ठेवतो, कारण पिक्सेलांचा आरंभबिंदू निरीक्षणागणिक बदलतो.

तपासा: प्रत्येक वर्णपटाच्या फाइलीत पार्श्वभूमी आणि दोन्ही प्रतिसाद-फाइलींची नावं लिहिलेली असतात. ती त्याच निरीक्षणाची आहेत ना, हे डोळ्यांनी पाहा.

## टप्पा १०: वेळेचं काम सगळ्यात शेवटी

चंद्राच्या फाइलीतली वेळ म्हणजे १ जानेवारी १९९८ च्या शून्य तासापासूनचे सेकंद, तेही 'टेरेस्ट्रियल टाइम'मध्ये. घड्याळातल्या यूटीसीशी ती थेट जुळवू नका, दोन्हींत मिनिटाहून जास्त फरक आहे.

बदलणाऱ्या किंवा फिरणाऱ्या स्रोतासाठी वेळा सौरमालेच्या गुरुत्वमध्यावर न्याव्या लागतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळे प्रकाश सुमारे ५०० सेकंदांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोहोचतो. शिवाय चंद्रा स्वतः पृथ्वीपासून दूर गेलेली असते, त्याचा अर्ध्या सेकंदापर्यंतचा फरक वेगळा. 'ॲक्सबॅरी' हे काम कक्षेच्या फाइलीवरून करते.

सावध: ॲक्सबॅरी इव्हेंट फाइलीतल्या वेळा बदलते, पण एसोलमधल्या जुन्याच राहतात. त्यानंतर वर्णपट किंवा एक्स्पोजर-नकाशा (आकाशाच्या कोणत्या भागाचं किती निरीक्षण झालं त्याचा नकाशा) काढायला गेलात तर दोन्हींच्या वेळा जुळत नाहीत. एकतर चित्र आणि वर्णपटाचं काम आधी उरका, नाहीतर एसोललाही तीच दुरुस्ती लावा. दुरुस्त फाइलीला वेगळं नाव द्या, आणि दुरुस्त झालेल्या फाइलीवर पुन्हा ॲक्सबॅरी चालवू नका.

शेवटी, आवर्तन सापडलं तर आनंद व्हायच्या आधी त्याचा काळ टप्पा ३ मधल्या झुल्याशी ताडून पाहा. एसिसचा नेहमीचा झुला एका दिशेनं १००० सेकंदांचा आणि दुसऱ्या दिशेनं ७०७ सेकंदांचा असतो, मध्यापासून दोन्हीकडे ८ आर्कसेकंद. एक पिक्सेल ०.४९२ आर्कसेकंदाचा, म्हणजे स्रोत १६ पिक्सेल इकडे आणि १६ तिकडे फिरतो. तो चिपच्या कडेशी किंवा खराब स्तंभाजवळ असेल तर दर फेरीला थोडा वेळ दिसेनासा होतो आणि आलेखात सुंदर आवर्तन उमटतं. 'डिदर_रीजन' ही आज्ञा गोलाचा किती भाग कोणत्या क्षणी चिपवर होता ते काढून देते. दर त्यानं भागून पुन्हा आलेख काढा.

मी ही आज्ञा वापरायला लागलो ती ठेच लागल्यावर. एका अंधूक ताऱ्यात ७०७ सेकंदांचं लख्ख आवर्तन सापडलं म्हणून मी दहा दिवस त्यावर लिहीत होतो, आकृत्याही झाल्या होत्या. अकराव्या दिवशी सहज चिपवरच्या जागेचा आकडा पाहिला. तारा कडेपासून बारा पिक्सेलांवर होता.